चाकाची आंधळी चकाकी

मार्गशीर्षातली हळदुली, गुळाच्या वासानं जडावलेली सकाळ. उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडवर ऊन उतरलं, भोकाभोकांतून सांडलं आणि शेवटी जाऊन बसलं ग्राइंडिंगच्या चाकावर. चाक चकाकलं! पौर्णिमेसारखं नितळ, गोरंपान, गर्विष्ठ.

आणि तीच तर चकाकी वैरीण होती.

कारण चकाकणारं चाक आंधळं असतं. त्याचे शतसहस्र कणदंत बोथटलेले, लोहरजानं मिटलेले. ते कापत नाही, नुसतं घासतं. घासतं आणि जाळतं. शलाकानं सकाळपासून दोन शाफ्ट लावले, दोन्ही जळले. रुपेरी अंगावर जांभळे-तपकिरी वळ! आता उरला एकच. दुपारी तो गुऱ्हाळाच्या चरकात बसायचा होता. तिकडे उसाच्या गाड्या खोळंबलेल्या, चुलवाण थंडगार.

चाकाला जाग आणायची तर हिरा हवा. दांडीच्या टोकाला बसवलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा. हो, एवढासाच! तो फिरला की मेलेला थर झडतो, नवे दात उमलतात, बिघडलेलं वर्तुळ पुन्हा वर्तुळ होतं. पण हिरा कुठाय? फळीवर नाही, खणात नाही, तेलाच्या डब्यामागे नाही. नाही म्हणजे नाहीच!

"आबा, हिरा बघितलासा?"

स्टुलावर बसलेले तिचे वडील, गजाबर मिस्त्री, मांडीवरची चंची दाबून छताकडे बघू लागले. "मला काय म्हाईत? आन् परवाच तर फिरवलास की! किती खातीस त्या चाकाला? निम्मं राहिलंय बिचारं."

"मग देव्हाऱ्यातच बसवा की! रोज हळदकुंकू वाहते!"

डोळ्यांत पाणी, ओठांत आग. तिनं तरातरा तिसरा शाफ्ट लावला. बटण दाबलं. चाक फिरलं, मंद्र, मदोन्मत्त, आंधळं. सरकत सरकत, अगदी केसभर अंतरावर आलं...

"थांब, कार्टे!"

चंची उघडली. पानाच्या देठांत, सुपारीच्या खांडांत, काताच्या तुकड्यांत, हिरा!

"आबाऽऽ!"

"चुना लागलाय जरा. पुसून घे."

हिरा फिरला. शुभ्रधूसर भुकटी उडाली, आबांच्या मिशांवर बसली, भुवयांवर बसली. चाक कणभर लहान झालं. चकाकी गेली, नजर आली. मग शाफ्टवरून ठिणग्यांची बारीक, केशरी, अखंड धार सांडत राहिली, आणि मागे उरत गेली चांदी. नुसती चांदी. डाग नसलेली चांदी.