आतून लावलेली कडी

मास्तरांनी आयुष्यभर शाळेत मुलांकडून कवायत करून घेतली होती. ताठ उभं राहणं हीच त्यांची ओळख. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच मास्तरांवर दुसऱ्याच्या आधारानं न्हाणीघरात जायची वेळ आली.

मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले. घरी येऊन रुग्णाचं बघणाऱ्या एका संस्थेकडून त्यांनी ताई ठेवली. ताई हसतमुख, पण नियमाला पक्की. मास्तर उठले की कमरेला पट्टा बांधायचा, तो धरून मागोमाग चालायचं, आणि दाराला आतून कडी लावू द्यायची नाही.

"अगं, मी काय पळून जाणार आहे का?"

"पळालात तर पेढे वाटीन, आजोबा. पडू नका म्हणजे झालं."

मास्तर हसायचे खरे, पण दार किलकिलं ठेवून बसणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. पलीकडे परकी बाई उभी, आणि आत आपण असे!

एका सुट्टीच्या सकाळी मुलगा-सून घरातच होते. मास्तर ताईला म्हणाले, "पेपर अजून आला नाही. खाली बघून ये जरा. मी जागचा हलत नाही." ताई घुटमळली. घरात माणसं आहेत म्हणून शेवटी गेली. तिची पाठ वळताच मास्तर भिंत धरून न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी कडी लावली. कितीतरी दिवसांनी ते एकटे होते. त्या आनंदातच, कपडे उतरवून अंगावर पाणी घेताना पाय सटकला.

मुलानं आणि शेजाऱ्यानं मिळून दार फोडलं. मास्तर ओल्या फरशीवर पडलेले, अंगावर सूत नाही. मुलानं घाईनं टॉवेल टाकला. तेवढ्यात ताई धापा टाकत, रिकाम्या हातांनी जिना चढून आली.

"कुठे होतीस तू?" सून ओरडली.

"आजोबांनीच पाठवलं, पेपर..."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. हो म्हणावं, तर कशाला पाठवलं, कडी का लावली, सगळंच सांगावं लागणार. आणि तेही असं उघडं पडून.

"मी कशाला पाठवीन?" ते म्हणाले. "फोनवर बोलत गेली असेल."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. सुनेनं तिला जिन्यात, साऱ्या शेजाऱ्यांदेखत फैलावर घेतलं. मास्तरांचं मनगट मोडलं होतं, खुबा वाचला होता. संस्थेनं ताईचं काम थांबवलं.

चौकशीला संस्थेच्या पर्यवेक्षक बाई आल्या. मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, दुखण्याच्या भरात माणसाला नीट आठवत नाही कधीकधी. तसं काही झालं होतं का?"

पळवाट समोर आयती उघडी होती. नुसती मान हलवली असती, तरी निभावलं असतं. मास्तरांचे कान तापले.

"सगळं आठवतंय," ते म्हणाले. "मीच पाठवलं तिला. मी खोटं बोललो."

मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. सुनेनं तोंडावर पदर धरला.

"रुग्णाला एकटं सोडून ती घराबाहेर गेली, ही तिची चूक आहेच. तेवढी समज देऊ," बाई म्हणाल्या. "पण तिचं काम उद्यापासून सुरू होईल."

त्यांनी लावून दिलेल्या फोनवर मास्तरांनी ताईची माफी मागितली.

"माझ्या लेकीनं मला विचारलं, आई, खरंच फोनवर होतीस का गं?" ताई म्हणाली. "आजोबा, तुम्ही बरे व्हा. मनात काही ठेवत नाही मी. पण तुमच्या घरी पुन्हा येणं व्हायचं नाही माझ्यानं."

"नको येऊस," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगून शेजाऱ्यांना घरी बोलावलं. तिला बोल लावला होता तो त्यांच्यासमोरच. चहा पुढे येण्याआधीच मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. दार फोडणारा शेजारी ओशाळून म्हणाला, "जाऊ द्या हो मास्तर, या वयात होतं असं."

"होत नाही," मास्तर म्हणाले. "मी केलं."

माणसं उठली, चपला शोधू लागली. चहा तसाच राहिला.