अंगठ्याखालचा ठोका

वाटीतल्या तेलावर बारीकशी थरथर उठत होती... मधोमध उठायची, काठाला लागून विरायची, पुन्हा उठायची. शामकलाने वाटी डाव्या हातात घेतली, तेल निमूट झालं. उजव्या हातात घेतली, अंगठा काठावर टेकवला, की झालं सुरू. तिने वाटी खाली ठेवली आणि डाव्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याशी लावली. गळ्यातला ठोका तिचा होता, भरभर चालणारा. अंगठ्यातला संथ, जड, दोन पावलांमध्ये थांबून कानोसा घेतल्यासारखा. दोन्ही जुळत नव्हते. मग हा कुणाचा? चार महिने रोज हा प्रश्न यायचा, आणि रोज ती त्याला पाठ दाखवून झाडू हातात घ्यायची.

आज झाडून झालं होतं. सून दुर्गेश्वरी धानाच्या मळणीला गेली होती, आणि सुशिलाबाई येणार होती.

काल नळावर गाठ पडली तेव्हाच सुशिलाबाईने सांगून टाकलं होतं, विचारलं नव्हतंच: पोट दुखतंय, पाठीतून कळ येते, बेंबी सरकली आहे, सकाळी उपाशीपोटी येते. शामकलाने वय सांगितलं, हात दुखतो म्हणून सांगितलं. पण जिच्या हाताला यश आहे असं अख्खं मुर्री गाव म्हणतं, तिचं वय कोण ऐकून घेतं!

यश... चाळीस वर्षांचं. सासूने शिकवलेलं सोपं काम. माणसाला सतरंजीवर उताणं निजवायचं, बेंबीवर अंगठा रोवायचा आणि ठोका शोधायचा. ठोका बेंबीच्या बरोबर खाली लागला तर सगळं ठीक. वर चढलेला असेल, बाजूला गेलेला असेल, तर बेंबी सरकली. मग तेल लावून, दाबत, रेटत, त्याला जागेवर आणायचं. माणूस उठून बसतो, ढेकर देतो, भूक लागली म्हणतो. तो ठोका बेंबीचाच असं ती समजत आली, तिची सासू समजत आली, सगळा गाव समजत आला. पोटाच्या आत, पाठीच्या कण्याला लागून रक्ताची एक मोठी नळी जाते आणि ठोका तिचा असतो, हे तिला केवळरामच्या तेरवीला कळलं.

केवळराम म्हणजे सुशिलाबाईचा धाकटा भाऊ. भादव्यात, बांधावरून परस्पर तिच्याकडे आला होता, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात विझलेली बिडी. साठीचा, सडपातळ, पोट पाठीला लागलेलं. ती मनात हसली होती, याच्या पोटात सरकायला आहे काय! आणि मग अंगठा ठेवला... ठोका एका जागी नव्हताच. बेंबीच्या वर, डावीकडे, अंड्याएवढी जागा उचलली जात होती, खाली बसत होती. तिने दोन बोटं दोन बाजूंना ठेवली तर तो ठोका त्या बोटांना एकमेकांपासून लांब ढकलत होता. चाळीस वर्षांत असं लागलं नव्हतं. एवढी मोठी सरकलेली बेंबी! तिला — हे ती कुणाला सांगणार? — तिला आनंद झाला होता. कसबाचं काम आलं होतं. तिने अंगठ्यावर अंगाचा भार दिला होता.

तो उठला, सदरा खाली ओढला, म्हणाला, "हलकं लागून राहिलं, वहिनी." तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दात घासताना खाली बसला तो बसलाच. गोंदियाला नेईपर्यंत संपलं होतं.

तेरवीला त्याचा मुलगा प्रफुल मांडवात लोकांना समजावत होता. "पोटातली मेन नस फुगून होती म्हणे बाबांची. रक्तात चरबी, वरून बिडी. नस वर्सानुवर्स कमजोर होत गेली, आन फुटली." कुणीतरी म्हणालं, केवळरामच्या अंगावर चरबी होती कुठं? "अंगावरची वेगळी, रक्तातली वेगळी," प्रफुल म्हणाला, "ते दिसत नाही." घरातल्या सगळ्या पुरुषांच्या पोटाची सोनोग्राफी करून आणली आहे, असंही त्याने सांगितलं. तेव्हा बायकांच्या पंगतीतून शामकलाच्या तोंडून निघून गेलं, "आन बायांले?"

"बायांले कमी होते, काकू. पन झाली तर फुगा लहान असतानाच फुटते म्हणे."

त्याच्यापुढचा एक प्रश्न होता. नस फुगलेली असली आणि वरून कुणी दाबलं, तर? तो तिने बुंदीच्या घासाबरोबर गिळला. तिथे आत तो अजून तसाच आहे, न पचलेला. आणि त्याच संध्याकाळी कणीक मळताना अंगठ्यात तो परका ठोका पहिल्यांदा आला. मग दाराच्या चौकटीला हात लावला तर चौकटीत. भिंतीला लावला तर भिंतीत, जणू मातीच्या आत कुणी उताणं निजून आहे आणि तिच्या हाताची वाट बघतंय. तेव्हापासून तिने कुणाच्या पोटाला हात लावला नव्हता.

"आहेस का वो?"

सुशिलाबाई दारातच चपला काढत होती. पासष्ट-सहासष्टची बाई, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली, काटक, भावासारखीच बांध्याची. आत येऊन तिने स्वतःच सतरंजी पसरली.

"प्रफुलने मले बी नेलं होतं रक्त द्यायले," ती लवंडता लवंडता म्हणाली. "कोलेस्ट्रॉल चढून आहे म्हणे. मले! अंगावर पावभर मांस नाही माह्या. गोळ्या देल्ल्या, त्या फळीवर ठेवल्या."

"पोटाची सोनोग्राफी?"

"ते माणसांची केली. माह्यी कायले?" आणि मग पदर सारत, अगदी सहज: "तूच हात फिरव. भाऊ जायच्या दोन दिवस आधी सांगे मले, शामकलाने दाबलं आन लय हलकं लागलं. तेवढं तरी सुख भेटलं त्याले."

म्हणजे हिला माहीत होतं. चार महिने माहीत होतं. जे झाकण्यासाठी शामकला केवळरामच्या घराची गल्ली सोडून लांबच्या वाटेने दुकानात जात होती, ते ही बाई मनात उपकारासारखं जपून होती. शामकलाला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्याच क्षणी तिला घराबाहेर ढकलावंसंही वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही. तिने अंगठा ठेवला.

आणि अंगठा शांत झाला.

शांत नव्हे... जुळला. चार महिने जो ठोका कशाशीच जुळत नव्हता, तो या पोटातल्या ठोक्यात मिसळून गेला. तीच संथ चाल, तोच जडपणा, तसंच मध्ये थांबणं. बेंबीच्या वर, डावीकडे. तिने दोन बोटं दोन बाजूंना ठेवली आणि ती हळूच, पण स्पष्ट, लांब ढकलली गेली. भावाएवढं नव्हतं. लहान होतं. लहान असतानाच... मेलेला माणूस माझ्या अंगठ्यात राहायला आला आहे असं मी समजत होते. पण हा त्याचा नव्हताच की काय? हा हिचा होता, आधीपासून, आणि मी तो हातात घेऊन भाकरी थापत होते?

"दाब ना," सुशिलाबाई डोळे मिटून म्हणाली.

नाही दाबणार. ते पक्कं होतं. पण त्या पक्केपणाच्या मागे आणखी काहीतरी येऊन उभं राहिलं, आणि शामकलाने ते ओळखायच्या आधी त्याला बसायला जागासुद्धा दिली... हात उचल. बेंबी जागेवर आहे म्हण. हिला तशीच घरी पाठव, न दाबता, आणि बघ. चार दिवस, महिना, जेवढे लागतील तेवढे. हिची नस आपली आपण फुटली, कुणाचं बोट न लागता, तर केवळरामची पण आपली आपणच फुटली होती. मग तू सुटलीस.

आपण या बाईच्या मरणाची वाट बघणार होतो. कोर्टात साक्षीदाराची बघतात तशी. विचार दुसऱ्या कुणाचा असता तर तिने त्याला कानफटात मारली असती. पण तो तिच्याच आवाजात, तिच्याच घरातल्या बोलीत आला होता, आणि तो आला तेव्हा — खोटं कशाला? — तिला हलकं वाटलं होतं.

तिने हात काढून घेतला. "मी दाबत नाही, सुशिलाबाई. तुमी गोंदियाले जा. सोनोग्राफी करा."

"काऊन?"

"जा म्हणतो ना."

"सरकलेल्या बोंबीसाठी कोनी दवाखान्यात जाते का?" सुशिलाबाई कोपरावर उठली. "तुह्यान होत नसन तर तसं सांग. मी निर्मलाबाईकडे जातो टोलीच्या वस्तीवर. ते टाचेने दाबते."

टाचेने. शामकलाला ती टाच दिसली, भेगाळलेली, त्या लहानशा उचलल्या जाणाऱ्या जागेवर टेकलेली. आता गप्प बसणंसुद्धा दाबणंच होतं.

"तुमच्या भावाच्या पोटात बी असंच होतं," ती म्हणाली. "याच जागी. ते बोंबी नोयती. ते नस होती, फुगलेली. मी तिले बोंबी समजलो."

सुशिलाबाईने पदर पोटावर घेतला. बाहेर कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, त्यांच्या नखांचा आवाज येत होता.

"आन तू दाबलं."

"दाबलं."

"जोराने?"

"हो."

आता ओरडेल, शामकलाला वाटलं. छाती बडवून घेईल, गल्ली गोळा करेल. ते आलं असतं तर झेलताही आलं असतं. सुशिलाबाई नुसती उठली. दोन्ही हातांनी पोट खालून धरून, हंडा डचमळू नये म्हणून धरतात तसं, पावलं मोजत दारापर्यंत गेली. चपला घालायला वाकली नाही, पायाने चाचपत घातल्या. मागे वळून पाहिलं तेव्हा तिच्या तोंडावर राग नव्हता. एखाद्या अनोळखी घरात चुकून शिरल्यावर माणूस बघतो तसं ती शामकलाकडे बघत होती. मग ती गेली. गल्लीच्या टोकाला डावीकडे प्रफुलच्या घराची वाट होती, उजवीकडे टोलीवरच्या निर्मलाबाईकडची. ती कुठे वळली ते खोलीतून दिसत नव्हतं.

मागोमाग जाऊन बघावं असं शामकलाला वाटलं, पण ती सतरंजीशेजारीच बसून राहिली. प्रफुलच्या घरी फोन लावते, मी लावते, सून आली की लगेच... नको, सून कशाला, शेजारून लावते, आत्ता. ऑपरेशन होईल, गोळ्या होतील, तिची नस शाबूत राहील. आणि ती शाबूत राहिली तर केवळराम माझ्या हाताने मेला की त्याच्या रक्ताने, हे सांगणारं कुणी उरणार नाही. मरेपर्यंत मी तो प्रश्न पोटात घेऊन फिरेन. ती उठून उभी राहिली. राहू दे. मला कळू नये. कधीच कळू नये.