मालकाचा रकाना कोरा

काळ्या वळूनं रत्नदीपला शिंगावर घेतलं, कपाटावर आपटलं आणि शिंगाचं टोक त्याच्या मांडीत मोडून ठेवलं. असं काही घडलेलं नाही. घडलं असतं, तर कोंडवाड्याच्या यादीत वळू असता.

सोलापुरातली मोकाट जनावरं पकडायचा ठेका बिभीषणअण्णांचा आणि त्यांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर रत्नदीपचं. प्रत्येक जनावरापुढं मालकाचा क्रमांक. मोकाट वळूला कुठला मालक? पण रकाना कोरा ठेवला की सॉफ्टवेअर अडून बसायचं. म्हणून रत्नदीपनं सगळ्या वळूंपुढं एक हा आकडा ठोकून दिला. मालकांच्या यादीत एक नंबरला होता सांगोल्याचा मानसिंग. बिचारा एकदाच कोंडवाड्यात आला होता, हरवलेली शेळी सोडवायला.

मग ज्याला ज्याला वळूनं तुडवलं, तो तो पत्ता काढून मानसिंगला तुडवून आला.

शेवटी मानसिंगच हापिसात आला. पुढचे दात नव्हते, बगलेत शेळी होती.

"ए इंजिनेर, मी ह्या एका शेळीचा धनी. गावाचे वळू माझ्या नावावर कुणी चढवले रं?"

"काका, ती तांत्रिक..."

मानसिंगनं तो शब्द मुठीसकट त्याच्या घशात परत कोंबला. "काढ आत्ताच्या आत्ता! न्हायतर शेळी सोडून तुला दाव्याला बांधतो."

रक्त थुंकत रत्नदीपनं कोऱ्या रकान्याची सोय केली आणि सगळे एक पुसले. मानसिंग सुटला. वळूही सुटले. कारण पकडणाऱ्या नवनाथच्या मोबाइलवर जनावर-मालकाची जोडी जुळली तरच जनावर दिसायचं. बिनमालकाचे सगळे यादीतून गळाले.

तेवढ्यात काळा वळू दारात उभा राहिला.

"नवनाथ, दोर टाक!" रत्नदीप ओरडला.

नवनाथनं मोबाइल वरखाली सरकवला. "दादा, ह्यो यादीत न्हाय की."

"अरे, समोर हाय की!"

"समोर असंल. बिगरयादीचं धरलं तर अण्णा माझं कातडं सोलत्यात."

सॉफ्टवेअरमधला एकच शब्द बदलायचा होता, म्हणजे मालक असो-नसो, जनावर दिसलं असतं. रत्नदीपचा अर्धा टाइप झाला. वळूनं मानसिंगला टेबलावरून उडवलं आणि मान खाली घातली. पुढचं वर सांगितलंच आहे, म्हणजे काहीच सांगितलेलं नाही.

दवाखान्याच्या गेटाला वळू उरलेलं शिंग घासत होता. खाटेवरून रत्नदीपनं अण्णांना अर्ज धाडला:

"विषय : अर्जदारास कोंडवाड्यात जमा करून घेणेबाबत. महोदय, अर्जदाराच्या उजव्या मांडीत मोकाट वळूचा अंश आहे. सर्व वळू बाहेर असल्याने शहरात कोंडवाडा हीच सुरक्षित जागा उरली आहे. तरी मालकाचा रकाना कोरा ठेवून अर्जदारास चाऱ्यासह आत घ्यावे, ही नम्र विनंती."