दोघींनी उचललेला हंडा

पर्पेतुआच्या अंगणात पितो, म्हणजे ज्वारीची दारू, शिजायला लागला की तिचं बोलणंही चुलीबरोबरच पेटायचं. नायलॉनचं कापड नेसून इकडे फिरकायचं नाही. पोरं कुंपणाच्या आत दिसता कामा नयेत. आणि उकळता हंडा कुणी म्हणजे कुणी उचलायचा नाही. तो चुलीवरच राहू द्यायचा आणि लांब दांड्याच्या डावाने थोडा थोडा रस थंड मडक्यांत काढायचा. तीस वर्षं ती ज्वारीला मोड आणून पितो करत होती. गावात तिच्याइतका गोड-आंबट पितो कुणाचा नव्हता, आणि तिच्याइतकं तोंडही कुणाचं नव्हतं.

त्या मंगळवारी गावातला, बालाफोन हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य घडवणारा म्हातारा गेला. एवढा मोठा माणूस, तेव्हा मर्तिकाला चार गावं लोटणार. रात्रीपर्यंत रस निवला नाही तर त्यात खमीर घालता येणार नव्हतं, आणि खमीर पडलं नाही तर दुसऱ्या दिवशी माणसं कोरड्या घशाने रडणार होती. तीन हंडे झाले होते. चौथा खदखदत होता आणि ऊन तर कधीच उतरलं होतं.

"धर तिकडून," पर्पेतुआ सुनेला म्हणाली.

आयुओने हातातला डाव वर केला. "मी काढते ना आई याने."

"याने काढशील तर उद्या उजाडेल. धर."

"पण तुम्हीच तर म्हणता, की उकळता हंडा..."

"ते म्हणणारी मीच, आणि आता धर म्हणणारीही मीच. धर लवकर!"

आयुओ हसली. वर्ष झालं होतं तिच्या लग्नाला. सासूच्या तोंडाची तिला सवय झाली होती. पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट होते. नवरा दूर कुमासी शहरात कामाला होता, त्याने पाठवलेले. निखाऱ्यांवरून चालता येतं म्हणून ती ते मिरवायची. पर्पेतुआने एकदा म्हटलं होतं, ते पावसातले, चुलीशी नकोत. पण त्या दिवशी तेही म्हणायला तिला वेळ नव्हता.

हंड्याचे कान धरायला दोघींनी फडकी घेतली. आयुओचं कोरडं होतं. पर्पेतुआने हाताला लागलं ते उचललं. मडकी पुसलेलं, ओलंचिंब. चार पावलं गेल्या असतील, तोच ओल्या फडक्यातून वाफ सरळ तिच्या तळव्यात शिरली. तिने विचार केला नाही. हात आपोआप सुटला.

हंडा आयुओच्या बाजूला कलंडला. मांड्यांवर शिंतोडे उडाले, पण खरा लोट गेला तो डाव्या बुटाच्या तोंडातून आत. गुळासारखा चिकट, उकळता रस. तो बुटात साठला आणि तिथेच राहिला. आयुओ किंचाळत खाली बसली आणि बूट ओढायला लागली.

"ओढू नकोस! कातडं येईल!" पर्पेतुआने पुढच्या शिजवणीसाठी भरून ठेवलेलं पिंप गाठलं. बादलीमागून बादली तिने त्या बुटात ओतली. मग ज्वारी कापायचा विळा घेऊन रबर वरून खालपर्यंत चिरलं आणि बूट पानासारखा उघडून काढला. घोट्यातला मण्यांचा सर तोडून टाकला. पाय सुजल्यावर तो मांसात रुतला असता. आणि पुन्हा पाणी.

शेजारची बेनेदिक्ता धावत आली, दोन अंडी आणि शिया झाडाच्या बियांच्या लोण्याचा गोळा घेऊन. "हे लाव आधी! आग ओढून घेतं!"

"काही लावायचं नाही."

"अगं, माझ्या आईने..."

"तुझ्या आईने काय केलं ते तिच्याजवळ! लावायचं असेल तर बादलीला हात लाव. पाणी आण!"

आख्खं पिंप संपेस्तोवर ती ओतत राहिली. आयुओचे दात वाजायला लागले तेव्हा तिने तिच्या अंगाभोवती गोधडी गुंडाळली, पण पायावरचं पाणी थांबवलं नाही. मग चर्चला नेसायचं धुतलेलं पांढरं कापड सैलसर पायावर पसरलं. पर्पेतुआचा दीर दाबुओ तीनचाकी घेऊन आला.

"झालं कसं हे?" त्याने विचारलं. अंगणात वीसएक माणसं जमली होती.

"घसरली," पर्पेतुआ म्हणाली. "ते बूट घालून."

आयुओने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

दवाखान्यातल्या नर्सने कापड उचललं आणि विचारलं, पाणी कुणी ओतलं. पर्पेतुआने हात वर केला; त्याच्या तळव्यावर फोड आले होते. "मावशी, इथे माणसं अंडी आणि राख फासून येतात, ते धुता धुताच आमचा जीव जातो. तुम्ही हा पाय वाचवलात." ते गावभर झालं. बाजारात बायका पर्पेतुआला थांबवून भाजल्यावर काय करायचं ते विचारायच्या. ती सांगायची. सांगितलं त्या दिवशी तिला अन्न जायचं नाही.

आयुओ सात आठवडे तिथे होती. मांडीचं कातडं काढून पायावर लावलं. पाय वाचला, पण बोटं आत ओढली गेली ती गेलीच, आणि घोटा वळेना. पर्पेतुआ रोज डबा घेऊन जायची. दोघी पुष्कळ बोलायच्या, भाजीबद्दल, शेळीबद्दल. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही.

घरी आणली त्या रविवारी आयुओचा बाप सोम्दा आला. बगलेत ठिपक्यांची कोंबडी, पाय बांधलेली. अंगणात दाबुओ आणि चारपाच जण तुंब्यातून पितो घेत बसले होते. सोम्दाने कोंबडी पर्पेतुआपुढे ठेवली.

"माझी पोर लहानपणापासून धांदरट," तो म्हणाला. "तुमचा हंडा सांडला, मर्तिकात खोळंबा झाला. वर तुम्हीच तिला वाचवलंत. मला लाज वाटते, बाई."

पर्पेतुआ कोंबडीसमोर खाली बसली.

"ती घसरली नव्हती," ती म्हणाली. "हंडा मी उचलायला लावला. ती नको म्हणत होती. फडकं माझं ओलं होतं. माझा हात सुटला."

कुणाचाच तुंबा तोंडाला गेला नाही. दाबुओ म्हणाला, "वहिनी, काय बोलतेस हे?"

"खरं बोलतेय. दोन महिन्यांनी."

सोम्दाने लेकीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. तिला विचारायची गरजच उरली नव्हती.

"तुझं बोचकं बांध," तो लेकीला म्हणाला. मग पर्पेतुआकडे वळून, आवाज न चढवता, "कोंबडी ठेवा. ती तुम्ही ओतलेल्या पाण्याची."

बोचकं पर्पेतुआनेच बांधलं. आयुओला वाकता येत नव्हतं. खोलीत दोघीच होत्या.

"मी सांगणार नव्हते कुणाला," आयुओ म्हणाली.

"ठाऊक होतं मला."

"रोज वाटायचं, आज तुम्ही बोलाल. डबा उघडायच्या आधी बोलाल." तिचा आवाज शांत होता, आणि तोच पर्पेतुआला सोसवेना. "पाय दुखायचा आई, पण रात्री जागी असायचे ती त्याच्यामुळे नाही."

पर्पेतुआने तिचा दंड धरून तिला दारापर्यंत आणलं. तिथे आयुओने हळूच दंड सोडवून घेतला आणि बापाचा खांदा धरला. उंबऱ्यापासून बाहेर उभ्या तीनचाकीपर्यंतचं अंतर कापायला तिला फार वेळ लागला. वाटेत ती दोनदा थांबली, पण मागे वळली नाही.