खर्जाची तार

सोलच्या आमच्या वाद्यवृंदात चेलोवादकाची एकच जागा रिकामी होती. परीक्षकांना चेहरा दिसू नये म्हणून उमेदवारांनी पडद्याआड वाजवायचं आणि चपलांच्या आवाजावरून बाई की बुवा तेही कळू नये म्हणून पायांत नुसते मोजे. विंगेतली शिस्त सांभाळायला मला, निवृत्त चेलोवादकाला, बसवलं होतं. इतका न्याय मी आयुष्यात एका जागी पाहिला नव्हता.

शेवटचे दोघे उरले. त्यातली गिल येरिन ही मुख्य परीक्षक बान सरांची लाडकी विद्यार्थिनी. तिनं वाकून नमस्कार केला आणि कुजबुजली, "गुरुजी, मी सकाळी शेवाळाचं सूप पिऊन आलेय."

मी उडालोच. परीक्षेला ते सूप पिऊन जाणारा घसरतो, हे आमच्या कोरियात शेंबडं पोरही सांगेल. "आईनं दिलं?"

"आईनं चिक्की दिलीय, यश चिकटावं म्हणून. सूप मी स्वतः केलं. मला थोंगयंगच्या शाळेत मुलांना शिकवायचंय. संध्याकाळपर्यंत त्यांना होकार कळवायचाय."

"मग कळव की!"

"इथे निवड झाल्यावर बान सरांना नाही म्हणू? तुम्ही म्हणाल?"

बान सरांना नाही म्हणालेला एक माणूस मला माहीत आहे. तो हल्ली लग्नांत वाजवतो.

"मग बेसूर वाजव."

"बोटं ऐकत नाहीत हो! आणि सरांनी खूण ठरवलीय. वाजवण्याआधी खर्जाची तार एकदा छेडायची."

दुसरा उमेदवार प्यो दोउन पलीकडच्या बाकावर पुन्हा पुन्हा गज पुसत बसला होता. बुसानचा, कुठल्याच सरांचा नसलेला पोरगा. या नोकरीसाठी दरवर्षी यायचा. येरिननं चिक्की त्याच्या हातावर ठेवली.

"सुरू करण्याआधी खर्जाची तार छेड. शकुन असतो."

"खरंच, ताई?"

"माझ्या सरांची शपथ."

येरिन आत गेली आणि तार न छेडता वाजवून आली. एक सूर हलला नाही. सूप वाया गेलं. पडद्यापलीकडे कुणीतरी अस्वस्थपणे खाकरलं.

मग दोउन बसला. त्यानं थेट गज उचलला. येरिननं माझी बाही घट्ट धरली. गज तारेला टेकणार, तोच दोउन थांबला, घामेजला तळवा पँटला पुसला आणि खर्जाची तार छेडली.

पलीकडे खुर्ची समाधानानं करकरली. मग पोरगं वाजवायला लागलं, आणि खरं सांगतो, झकास वाजवलं.

निकाल पुकारला, शेवटचा उमेदवार! बान सर पडदा सारून हात पसरत आले. "पहिल्याच सुराला ओळखलं! माझी विद्यार्थिनी—"

समोर मोज्यांतला दोउन, गालात चिक्की.

सर सावकाश येरिनकडे वळले. ती कमरेत वाकली. "माफ करा, सर. सकाळी शेवाळाचं सूप प्यायले."

"मूर्ख मुली!" सर ओरडले. "मग दुसरं काय होणार?"

येरिन वाकलेलीच होती. पाठीमागच्या हातात फोन होता, आणि थोंगयंगचा नंबर लागला होता.