गरम पाण्याने उमटणारा कप

हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणार, ठाऊक आहे. काढा. तैवानातल्या शिनचूच्या उद्योगनगरीच्या फाटकाबाहेर मी सव्वीस वर्षं विनोदी कप छापले. पण एका कपाने अख्ख्या कंपनीची मशीनं बंद पाडणारा दुसरा कोणी असेल, तर आणा माझ्यासमोर!

धंदा तसा पोरकटच. वर्षअखेरची कंपनीची जेवणावळ जवळ आली की आत काम करणाऱ्यांच्या बायका, बहिणी, साहेब माझ्याकडे यायचे. 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' 'बंद करून पुन्हा चालू करा.' असले कप. घेणारा घटकाभर हसायचा, मग त्यात पेनं उभी करून ठेवायचा.

त्या वर्षी सू-छिन आली. तिचा नवरा युंग-श्यांग मुख्य संगणकखोली सांभाळायचा. अकरा दिवस घरी जेवला नव्हता.

"काका, छातीत कळ येते म्हणतो, आणि वर हसतो," ती म्हणाली. "माझं ऐकत नाही. कपाचं तरी ऐकेल."

"काय छापू?"

"'मशीनला खाऊ मिळाला, आता नवरा परत करा.'"

मी खो खो हसलो. ती नाही हसली.

आमच्याकडे प्रत्येक मशीनवर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवतात. तो असला की मशीन शहाण्यासारखं चालतं. हिरवाच हवा, पिवळा ठेवलात तर मेलात. म्हणून कपही मी हिरवाच निवडला. शिवाय अक्षरं अशा रंगाखाली दडवली की गरम पाणी ओतल्यावरच उमटावीत. अतिशहाणपणा, दुसरं काय!

कप युंग-श्यांगच्या हातात पडला त्याच दिवशी मुख्य मशीन आचके देत होतं. वरच्या पाकिटाची मुदत संपलेली, नवं आणायला सवड नाही. पठ्ठ्याने हिरवा कपच मशीनवर ठेवला. आणि मशीन सुरळीत! झालं. साहेबाने हुकूम सोडला: कपाला हात लावायचा नाही, आणि ज्याचा कप त्याने तिथून हलायचं नाही. त्या खोलीत तर पाण्याचा थेंबही नेऊ देत नाहीत. गरम चहा ओतणार कोण, आणि वाचणार कोण?

पाच दिवसांनी सू-छिन पुन्हा दारात.

"वाचलं का हो त्याने?"

मी आतली गोम सांगितली.

"म्हणजे मीच त्याला तिथे बांधून ठेवलं," ती म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

मग मात्र मी उठलो. किटली उकळली, कोटाखाली दडवली. पोट भाजत होतं, पण चेहऱ्यावर सुरकुती हलू दिली नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हणालो, "बाळा, पोटात गोळा आलाय, आत शौचालय कुठे?" तीन दारं ओलांडली. युंग-श्यांग मशीनला टेकून बसलेला, चेहरा जुन्या मेणासारखा. मी कपात पाणी ओतलं. एकेक अक्षर वर आलं. त्याने वाचलं. आणि काय सांगू, मशीननेही वाचलं! त्याचा दिवा मालवला, मग शेजारच्याचा, मग त्याच्या शेजारच्याचा. चारशे मशीनं गप्प. त्या शांततेत पोरगा म्हणाला, "चला काका, भूक लागलीय." दुपारी घरी जाऊन बसला पानावर. तीन वाट्या भात खाल्ला, वर मुळ्याचं सार—

"पुरे, काका." शेजारी तांदळाच्या शेवयांची गाडी लावणाऱ्या बी-श्याने झारा खाली ठेवला. "खोटं आहे हे. तुम्हाला फाटकावरच अडवलं होतं. किटली मांडीवर घेऊन तुम्ही माझ्याच बाकावर बसलात, पार गार होईपर्यंत. आणि युंग-श्यांगला बाहेर आणलं, तेव्हा त्याच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. सू-छिनला धरून मी उभी होते तिथे."