चपलांचा निबंध

बसच्या तिकिटाची खूण पान एकशे बारावर होती, आणि त्या तिकिटाचा दुमडलेला कोपरा बाई अंगठ्यानं पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या — मधल्या सुट्टीनंतरचा हा मोकळा तास, शिक्षकांच्या खोलीतली पंख्याखालची ही खुर्ची आणि ही कादंबरी... नवरा गेल्यापासूनचे आठ महिने आपण या एका तासावर तगलो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची. पण सकाळी उठून साठ मुलांसमोर उभं राहण्याचं बळ यायचं ते वाचण्यातून.

आजच्या पानावर एक कारकून होता. म्हाताऱ्या आईचं पत्र तो मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवत होता, तिच्या अक्षराला हसत होता — आणि बाईंचे डोळे भरून आले.

"काय बाई, रडवलं का पुस्तकानं?" समोर बसलेले गणिताचे सर म्हणाले. "आमच्या भूमितीत हा त्रास नाही."

बाई हसल्या. जरा बरंही वाटलं — अजून आपल्याला कुणासाठी तरी भरून येतं...

"बाई, वह्या."

दारात ती उभी होती. सकाळच्या वर्गातली, तिसऱ्या बाकावरची मुलगी. नजर खाली. बाईंना सकाळचा तास आठवला. 'आई कामाला गेली की मी तिच्या जुन्या चपला दाराबाहेर ठेवते' — तिच्या निबंधातलं हे वाक्य आपणच वर्गात वाचून दाखवलं, आणि वर, "का गं, चपला राखण करतात वाटतं?" असं विचारलंही. अख्खा वर्ग खिदळला. आपणही. कागदावरच्या म्हातारीसाठी डोळ्यांत पाणी, आणि ही...

"ठेव तिथं," बाई म्हणाल्या. म्हणायचं वेगळंच होतं. सरांसमोर जीभ रेटली नाही. मुलगी वह्या ठेवून गेली.

तिची वही गठ्ठ्यात सगळ्यांत खाली होती. बाईंनी ती ओढून काढली. त्या वाक्याच्या पुढचं, सकाळी हशात वाचायचं राहून गेलेलं — 'म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, घरात मोठं माणूस आहे.'

त्यांनी निबंध पहिल्यापासून वाचला, सावकाश, एकही शब्द न गाळता. एरवी वाचून झालं की छातीवरचा भार थोडा उतरायचा. आज तो उतरू नये असं त्यांना वाटलं... निदान तिच्यासमोर जाऊन उभं राहीपर्यंत तरी.